दहा तोळ्यांच्या वर

आमच्या घराखाली सराफाचं दुकान आहे. सकाळी त्यानं शटर वर सरकवलं की पहिलं गिऱ्हाईक मी. सोनं घ्यायला जात नाही, विकायला तर नाहीच नाही. मी राघूचं वजन करायला जातो.

सराफ तेलुगू माणूस. आधी काट्याची ताटली लाल फडक्यानं पुसतो, गल्ल्याला हात लावून कपाळाला लावतो आणि मग मला म्हणतो, "लाओ जी ड्रायवर साब, तुम्हारा सोना." मी कापडी पिशवीतला राघू ताटलीत ठेवतो. पिशवी आमच्या बायकोनं उशीच्या जुन्या खोळीची शिवलीय, तोंडाशी नाडी आहे. पिशवीचं वजन सराफ आधीच वजा करून ठेवतो. दुकानदार माणूस बोहणीला किती जपतो ते मी सांगायला नको. या माणसाच्या काट्यावर दिवसातलं पहिलं वजन माझ्या आजारी पाखराचं होतं, आणि त्यानं एकदाही तोंड वाकडं केलं नाही.

काटा ग्रॅम दाखवतो. पण सराफ तोळ्यात बोलतो आणि मलाही तोळ्यातच कळतं. निरोगी राघू बारा-तेरा तोळ्यांचा असतो, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलंय. आमचा पंधराला गेला होता. आता किती आहे ते पुढं येईल. आमच्या घरातलं सगळं त्या आकड्यावर चाललंय.

मी फार शिकलेला नाही. हिंगोलीकडच्या एका खेड्यात चौथीपर्यंत गेलो, मग बापानं शाळेतून काढलं. हैदराबादला येऊन क्लीनर झालो, हात बसला तसा सिटी बसचा ड्रायवर झालो. कोठी, काचीगुडा, नारायणगुडा ह्याच रस्त्यांवर निम्मं आयुष्य गेलं. माझ्या गाडीखाली कधी कोंबडीसुद्धा आली नाही. हे मी बढाई म्हणून लिहीत नाही, पण लिहितो. एकच नुकसान झालं, तेही माझंच. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर बॉनेटच्या झाकणात गेलं. थोटकं बोट राहिलं.

रिटायर व्हायच्या आधल्या उन्हाळ्यात डेपोतल्या झाडावरून हे पिल्लू खाली पडलं. कावळ्यांनी घेरलं होतं. एक पंख मोडून लोंबत होता. मी त्याला जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. डब्यात भाकरीचा चुरा होता, तो खात बसलं. बायको म्हणाली, "आता हा डबा कोण धुणार?" मी म्हणालो, "मी धुतो." तेव्हापासून त्याचं सगळं मीच केलं. पंख जुळला, पण वाकडाच जुळला. उडायला कधी आलंच नाही. नाव असं काही ठेवलं नाही. बसला बस म्हणतो, राघूला राघू म्हणतो.

माझ्या चांगल्या बोटावर तो कधी बसायचा नाही. थोटकं पुढं केलं की त्यावर चढायचा, जसं काही ते पेर त्याच्यासाठीच कापून घेतलं होतं. मी चप्पल घातली की ओरडायचा, "रैट! रैट!" आणि परत दारात आलो की, "होल्डान!" शेजाऱ्यांना वाटायचं, म्हाताऱ्यानं पेन्शनीत कंडक्टर पाळलाय. बायकोला मात्र तो जवळ येऊ द्यायचा नाही, कडकडून चावायचा. ती त्याला सवत म्हणायची. सकाळी ती बुद्धवंदना म्हणायला बसली की हा शिट्ट्या मारायचा. ती वंदना पुरी करायची आणि मग त्याला शिव्या द्यायची.

खाणं माझं तेच त्याचं. सकाळी चहात बुडवलेलं उस्मानिया बिस्कीट, दुपारी शेंगदाणे, संध्याकाळी सूर्यफुलाच्या बिया, तोंडी लावायला हिरवी मिरची. तो गोल झाला तसा मी लोकांना बोलावून दाखवायचो.

आजार आधी माझ्या लक्षात आला नाही, बायकोच्या आला. मी चप्पल घालत होतो. ती म्हणाली, "आज तुमचा कंडक्टर सुट्टीवर हाय का?" मी वळून बघितलं. राघू अंग फुगवून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. मग नीट बघितल्यावर एकेक दिसायला लागलं. चोच वाढून खाली वळली होती आणि तिचे पापुद्रे सुटत होते. विष्ठा पिवळी झाली होती. श्वास घेताना शेपटी खालीवर व्हायची, हापशाच्या दांड्यासारखी.

आमच्या पोरानं फोनमधून पाखरांची डॉक्टर शोधून काढली. तरुण बाई, पण हात शांत. तिनं राघूचं पोट फुंकर मारून बघितलं, पिसं बाजूला होतात आणि आतलं दिसतं. म्हणाली, "अंकल, इसके कलेजे में चरबी हो गई. ये पूरा ठीक नहीं होता. संभालना पड़ता. जब तक है तब तक, रोज." मग पंख बघून म्हणाली, "और ये तोता घर में रखना मना है कायदे से, मालूम ना आपको?" मी म्हणालो, "मैं नहीं लाया. ये गिरा था." ती म्हणाली, सरकारी बचाव केंद्र आहे, तिथं डॉक्टर असतात, अशा पाखरांना ठेवून घेतात. मी पिशवीची नाडी आवळली आणि उठलो. ती म्हणाली, "बैठो अंकल, मैं छीन नहीं रही. पहले बिस्कीट बंद करो."

बिस्कीट बंद केलं. शेंगदाणे बंद, बिया बंद. एकदा ठरलं म्हणजे ठरलं. त्याच्या देखत मी खाणं बरं दिसेना म्हणून मीही बिस्कीट सोडलं, कोरा चहा प्यायला लागलो. त्याला गाजर, भोपळा, शेवग्याचा पाला, भिजवलेले मूग. पहिल्या दिवशी त्यानं गाजराचा तुकडा उचलला, माझ्याकडं बघितलं आणि खाली टाकला. मी उचलून परत ठेवला, त्यानं परत टाकला. दोघंही एकाच मातीचे. पण भुकेपुढं तो नमला. पंधराचा चौदा झाला, चौदाचा तेरा. डॉक्टरीणबाईनं शाबासकी दिली. मी गल्लीतून छाती काढून चाललो. गाडी उतारावरून उतरवली तसं वाटलं, सावकाश, ब्रेकवर पाय ठेवून.

पण गाडी थांबेना. बारा झाला, साडेअकरा झाला.

कारण डॉक्टरीणबाईनं दिलेलं औषध. सकाळ-संध्याकाळ, बिनसुईच्या सिरिंजनं, चोचीच्या कडेतून. टॉवेल टाकून त्याला पकडायचं, मानेमागून दोन बोटांत डोकं धरायचं, आणि थेंबाथेंबानं सोडायचं. घाई केली तर औषध श्वासाच्या नळीत जातं आणि पाखरू जागीच जातं. भरलेली बस घेऊन भर पावसात कोठीच्या गर्दीतून गेलो तेव्हा मला हात पुसावा लागला नाही. ह्या एवढ्याशा डोक्याला धरताना दर वेळी आधी पुसून घ्यायचो. तो किंचाळायचा, चावायचा, टॉवेलात धडपडायचा. झाल्यावर मी थोटकं बोट पुढं करायचो. सुरुवातीला तो बोटाकडं बघायचा. मग बघायचा नाही. मग मी खोलीत पाऊल टाकलं की पिंजऱ्याच्या मागच्या सळ्यांना चिकटून बसायला लागला आणि चोच उघडी ठेवून धापा टाकायचा.

माझ्या हातचं खाणं त्यानं सोडलं. दुसऱ्या कुणाच्या हातचं तो कधी खातच नव्हता. म्हणजे खाणंच सोडलं. औषध पोटात जात होतं आणि त्याच हातामुळं अन्न जात नव्हतं.

मी एक युक्ती काढली. पोराचं हेल्मेट घातलं, रेनकोट घातला, हातमोजे घातले. थोटक्या बोटाच्या जागी हातमोज्यात कापूस कोंबला, म्हणजे बोट पुरं दिसावं. औषध देणारा माणूस वेगळा आणि मी वेगळा, असं त्याला वाटलं पाहिजे. बायकोनं मला तसं बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"चंद्रावर चाललात का?"

"गप बस. आवाज ऐकल तो."

"त्यो तुमच्या सावलीवरून वळखतोय, आणि तुम्ही टोपडं घालून चाललाव!"

पण पहिल्या दिवशी जमलं. हेल्मेटवाल्यानं औषध दिलं आणि निघून गेला. मी दुसऱ्या खोलीत सगळं उतरवलं, तोंड पुसलं, आणि तळहातावर मूग घेऊन साधा मी म्हणून आलो. राघूनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं आणि एक दाणा उचलला. एकच. मला वाटलं, जिंकलो.

मग एका सकाळी हेल्मेटच्या आत मला खोकला आला. जुना खोकला आहे माझा, बिडीच्या काळातला. राघू टॉवेलाखाली एकदम थांबला. त्याला कळलं. त्यानंतर दाणा नाही. उलट हेल्मेटही दुश्मन झालं. पोरगा ऑफिसातून आला की हेल्मेट जिन्यातच काढून ठेवायचा.

डॉक्टरीणबाईला फोन लावला. ती म्हणाली, "दवा का हाथ अलग, खाने का हाथ अलग. एक आदमी दोनों नहीं कर सकता, अंकल. दवा कोई और दे, आप खिलाओ."

हेच तर मला पाहिजे होतं. पण देणार कोण? बायकोच्या बोटांचे सांधे धरलेत, तिला सिरिंज दाबवत नाही. पोरानं एकदा करून बघितलं. राघू चावला तशी त्याची पकड सुटली, पाखरू फरशीवर आपटलं आणि वाकड्या पंखावर फिरत राहिलं. पोराचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "माझ्याच्यानं नाही होणार बाबा."

मग हिशेब सरळ होता. औषधाचा हात माझाच राहणार. खाण्याचा हात मला सोडावा लागणार. आणि घरात हात उरला तो एकच.

"माझी राहिलेली बोटं त्या सवतीकडून तोडून घेऊ का?" बायको म्हणाली.

मला विनवणी करता येत नाही, लग्नापासून कधी केली नाही. मी फक्त मुगाची वाटी तिच्यापुढं ठेवली. तिनं वाटीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि वाटी उचलली.

तिनं तिच्या रीतीनं केलं. मी असतो तर 'ये राघू, खा राघू' करत बसलो असतो. तिनं पिंजऱ्याचं दार उघडं टाकलं, त्याच्याकडं पाठ करून जमिनीवर बसली आणि तुरीची डाळ निवडायला घेतली. तोंडानं वंदना पुटपुटत होती. बाजूला गाजराचा तुकडा ठेवला होता, जसं काही स्वतःसाठीच. त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. असं रोज. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभा राहायचो. एके दुपारी राघू पिंजऱ्यातून उतरला. फरशीवरून डुलत डुलत आला, तिच्या पदराचं टोक चोचीत धरून ओढलं, ती हलली नाही. मग त्यानं गाजर उचललं आणि तिच्या मांडीला टेकून खाल्लं. माझा पाय आपोआप पुढं पडला.

"येऊ नका," ती मान न वळवता म्हणाली.

मी मागं सरलो.

काही दिवसांनी मी दाढी करत होतो. ती भाजीला निघाली, चप्पल घातली, आणि पिंजऱ्यातून आवाज आला, "रैट." बारीक, घोगरा, पण रैट. किती महिन्यांनी. ती दारात थांबली. म्हणाली, "ऐकलंत का?" मी म्हणालो, "ऐकलं." मी तसाच अर्ध्या दाढीनं बसलो. तो रैट तिला होता.

वजन अकरावर थांबलं. सराफ खूश होऊन म्हणायचा, "टिक गया, ड्रायवर साब. सोना भी इतना नहीं टिकता."

थंडी आली आणि परत उतार सुरू झाला. हैदराबादची थंडी ती काय, पण त्याला तेवढीही पेलेना. पिंजऱ्यावर गोधडी टाकली, बाजूला बल्ब लावला. तरी पिसं फुगवून थरथरायचा. औषधाच्या वेळी आता किंचाळी कमी आणि धाप जास्त. एका रविवारी पोरगा माझ्यासमोर येऊन बसला.

"बाबा, तुम्ही त्याचे हाल करायलात."

"मी जगवायलोय त्याला."

"दिवसातून दोनदा धरायचं, ओरडवायचं. ह्याला जगणं म्हणतेत का? तिथं केंद्रात रोज डॉक्टर हाय, मशीन हाय. देऊन टाका. कायद्यानं बी त्याला घरात ठेवता येत नाही."

"तिथं माझं बोट हाय का त्याला बसायला?"

पोरगा हळूच म्हणाला, "इथं तरी कुठं बसतोय बाबा त्याच्यावर?"

मला राग आला. खरं बोलल्याचाच राग जास्त येतो. मी म्हणालो, "दहा तोळे. दहाच्या खाली गेला तर मी स्वतः नेऊन देईन. माझा शब्द हाय."

माझा शब्द म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत आहे. बिडी सोडतो म्हणालो आणि त्याच मिनिटाला सोडली. धाकट्या भावाशी बोलणार नाही म्हणालो, तर तो मरेपर्यंत बोललो नाही. चांगलं केलं का वाईट केलं ते राहू द्या. शब्द होता.

त्या दिवसापासून सराफाकडं जायला जिना उतरणं मला जड व्हायला लागलं. साडेदहा. सव्वादहा. घरी येऊन मी आकडा सांगायचो, बायको तो ऐकून मूग आणखी मऊ शिजवायची. पोरगा आकडा विचारायचा नाही, पण डबा भरताना कान इकडंच असायचा. सूर्यफुलाची एखादी बी द्यावी का असं मला रोज वाटायचं. वजन वाढलं असतं. पण तेच तर विष होतं त्याला. मी पुडी हातात घ्यायचो आणि परत ठेवायचो.

मग ती संध्याकाळ. मी टॉवेल घेऊन पिंजऱ्यापाशी गेलो. दार उघडलं. राघू मागं सरकला नाही. चोच उघडली नाही. माझा डावा हात आत होता, टॉवेल अजून उजव्या हातातच होता. त्यानं माझ्याकडं बघितलं, एक पाय उचलला, आणि तो थोटक्या बोटावर ठेवला. मग दुसरा. आणि बसला.

ज्याची मी महिनोन्महिने वाट बघत होतो ते हेच. बायको मागून म्हणाली, "बघा, आला की नाही तुमच्याकडं!"

तिला कळलं नव्हतं, मला कळलं. तो माझ्याकडं आला नव्हता. त्याच्यात पळायची ताकद राहिली नव्हती. पाखरू आजार लपवतं, डॉक्टरीणबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अंगात दम असेपर्यंत लढतं, आणि लढायचं थांबलं की समजायचं. बोटावर वजन लागत नव्हतं. नुसती नखं गार लागत होती.

"चाव," मी म्हणालो. मोठ्यानं म्हणालो. अंगठा त्याच्या चोचीपाशी नेला. "चाव रे. काय झालं तुला? चाव ना."

त्यानं डोळे मिटले. औषध टॉवेलाशिवाय गेलं. तो साधा हललासुद्धा नाही.

सकाळी मी पिशवी घेऊन खाली उतरलो. सराफानं ताटली पुसली, गल्ल्याला हात लावला. मी राघूला ठेवलं. आकडा लागला आणि सराफाचा पंजा एकदम आकड्यावर आला.

"दस," तो म्हणाला. "पूरा दस."

लांबून येणाऱ्या बसचा नंबर धुळीतून वाचणारा माणूस मी. त्याच्या बोटांच्या फटीतून मला काय दिसायचं ते दिसलं.

"हात हटाओ जी."

"अरे, सुबह-सुबह काटा थोड़ा ठंडा रहता..."

"हात हटाओ."

त्यानं हात काढला. नऊ आणि वर थोडं. सराफ माझ्याकडं बघेना. काट्याकडं बघत म्हणाला, "मेरा काटा है. मैं बोल रहा हूँ ना, दस है." ज्या काट्यावर त्यानं गुंजभर कमीजास्त केलं नाही, त्यावर तो बोहणीच्या वेळेला माझ्यासाठी खोटं बोलत होता. मी त्याच्यापुढं हात जोडले आणि पिशवी उचलून वर आलो.

घरी खरा आकडा सांगितला. पोरगा बूट घालत होता, त्याचा हात नाडीवरच थांबला. "आजच जायला पाहिजे असं काही नाही बाबा," तो म्हणाला. आदल्या रविवारी मला शहाणपण शिकवणारा पोरगा.

"शब्द म्हंजे शब्द."

मी लहान पिंजरा काढला. तळाला कागद घातला. औषधाची बाटली, सिरिंज, टॉवेल पिशवीत भरलं. बायकोनं स्टीलच्या डबीत मूग भरले, दुसऱ्या डबीत गाजराचा कीस. मग आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणून पिंजऱ्याच्या सळ्यांना बांधला, त्याच तुकड्याला चोच घासत तो बसायचा. गाठ मारताना म्हणाली, "हे ठेवू देतील का तिथं? का फेकून देतील?" मला काय माहीत. सवत म्हणायची त्याला.

सगळं बांधून झालं तशी ती म्हणाली, "सकाळचं औषध राहिलंय."

राहिलं होतं खरं. मी पिशवीतून परत टॉवेल काढला. त्याला उचललं, गुंडाळलं. हातात नुसता टॉवेलच आहे असं वाटलं. मानेमागून दोन बोटं, चोचीच्या कडेला सिरिंज. मनात आलं, तिथला माणूस घाई करील. तिथल्या माणसाला अशी पाखरं किती असतील. निम्मं औषध गेलं.

तेवढ्यात टॉवेलात काहीतरी वळवळलं. मान फिरली, आणि त्यानं माझा अंगठा नखाच्या मुळाशी धरला. धरला आणि सोडेना. वाढलेल्या चोचीचं टोक आत रुतलं. रक्त टॉवेलावर आलं.

"आवो, सोडवा त्याला!" बायको ओरडली.

"राहू दे."

"रक्त येतंय!"

"येऊ दे म्हणलं ना."

पोरगा फडकं घेऊन धावत आला आणि उभाच राहिला. मी खाली बसलो, राघू अंगठ्याला लटकलेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंगठ्यामुळं. कुणाला दुसरं काही वाटलं असेल तर वाटू दे.

त्यानं सोडल्यावर मी उरलेलं औषध दिलं. तेव्हाही त्यानं आणखी एकदा चावून बघितलं, पण तेवढा दम उरला नव्हता. मग मी पोराला म्हणालो, "लहान पिंजरा जागेवर ठेवून ये."

पोरानं पिंजरा उचलला. दारापर्यंत गेला, वळला. टोमणा नव्हता त्यात, खरंच विचारत होता. "आणि शब्द, बाबा?"

"मोडला."

माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा. मला त्याची लाज वाटते, अजूनही वाटते. पोरगा पिंजरा ठेवायला गेला. बायको मुगाची डबी उघडत म्हणाली, "बरं झालं. तुमच्या भावाच्या वेळेला मोडला असता तर आणखी बरं झालं असतं." आणि ती डाळ घेऊन पिंजऱ्याकडं पाठ करून बसली.

राघू सुधारला असं काही नाही. कधी साडेनऊ, कधी दहाच्या वर केसभर. डॉक्टरीणबाई म्हणते आता असंच चालेल, किती दिवस ते तिलाही सांगता येत नाही. सराफ परत हात आडवा घालत नाही, मी त्याला तशी ताकीद दिलीय. रोज शटरचा आवाज आला की मी पिशवीची नाडी उगाच दोनदा सोडून बांधतो. कधी वाटतं, पोरगा खरं बोलत होता, मी माझ्या हट्टापायी एका जीवाला ताणत चाललोय. मग संध्याकाळी तो चावतो आणि मी ते विसरतो. दुसऱ्या दिवशी परत आठवतं. अंगठ्याची जखम भरत आलेली दिसली की मला बरं वाटत नाही.

आत्ता दिवे लागलेत. बायकोनं गाजर किसून झाकून ठेवलंय. आधी मी जायचं, मग तिनं. राघू मला बघून मागच्या सळ्यांना चिकटलाय. मी टॉवेल घेतो.